एका पानाचा महाकवी

प्रभातकिरण सोसायटीची गणेशोत्सव स्मरणिका कोणी वाचत नाही, या एका तत्त्वावर नंदकिशोर पाटणकरांचं संपादकीय आयुष्य सुखात चाललं होतं. स्मरणिका घरोघर जाते. दुकानदार आपली जाहिरात बघतात, आया बक्षिसांच्या यादीत आपल्या मुलाचं नाव बघतात आणि मग ती कपाटाच्या फळीवर अंथरली जाते. मागच्या वर्षी पाटणकरांनी 'मोदक आणि आरोग्य' हा लेख इंटरनेटवरून जसाच्या तसा उचलून छापला, तेव्हा त्यात मध्येच 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' असंही छापलं गेलं, तेही ठळक अक्षरांत आणि दोनदा. कोपरखैरण्याच्या त्या अख्ख्या इमारतीत एकाही माणसाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पाटणकरांना आधी हायसं वाटलं आणि नंतर थोडं वाईट वाटलं, पण हायसं जास्त वाटलं.

ते संपादक झाले ते त्यांना दहावीला संस्कृत होतं म्हणून. संस्कृत घेतलं की मार्क पडतात, या श्रद्धेने आपल्याकडची मुलं संस्कृत घेतात, आणि मार्क पडले की त्या भाषेला तिथेच सोडून पुढे निघून जातात. पाटणकरांना ते भरपूर पडले होते, आणि एका सर्वसाधारण सभेत त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. झालं! तेव्हापासून कोणाच्या नातीचं नाव ठेवायचं असो की लिफ्टमध्ये सुविचार लावायचा असो, लोक म्हणत, पाटणकरांना विचारा. पाटणकर डोळे मिटायचे, किंचित थांबायचे आणि काहीतरी सांगायचे. ते बरोबर आहे की चूक, हे तपासू शकेल असा माणूस सोसायटीत नव्हता. सुखी माणसाचं सुख बऱ्याचदा अशाच गोष्टींवर उभं असतं.

यंदा स्मरणिका छापायला जायची त्या दिवशीच एका बिल्डरने मधल्या पानाची जाहिरात मागे घेतली. म्हणाला, दसऱ्यानंतर बघू. पावणे एमआयडीसीतल्या प्रिंटरचा फोन आला तेव्हा पाटणकर उरणजवळ द्रोणागिरीला गोदामाच्या ऑफिसात, कंटेनरच्या कागदपत्रांत बुडालेले होते.

"साहेब, पान कोरं जातंय. जेवणाच्या सुट्टीत मॅटर द्या, नायतर मी तिथे आपलं सूर्यफुलाचं चित्र टाकतो."

त्या सूर्यफुलाची पाटणकरांना धास्ती होती. एका वर्षी ते श्रद्धांजलीच्या पानावर गेलं होतं. गोदामाच्या पत्र्याखाली फोन कसाबसा लागायचा, इंटरनेट मात्र चालायचं नाही, त्यामुळे उचलायला काही नव्हतं. त्यांनी डबा बाजूला सारला, पेन उघडलं आणि मथळा लिहिला, 'संस्कृतचे विस्मृत महाकवी आणि नाटककार पुलिनभद्र'.

असा कोणी कवी कधी होऊन गेला नव्हता. तो त्या क्षणी, तोंडल्याच्या भाजीशेजारी जन्माला आला.

आता खोट्या माणसाचं चरित्र लिहायचं तर माणूस आणायचा कुठून? तो आपल्यातूनच काढावा लागतो. पुलिनभद्र एका बंदरातल्या जकातनाक्यावर कारकून होता आणि आयुष्यभर जहाजांतल्या मालाच्या नोंदी करत होता. राजाला त्याचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. त्याच्या पत्नीने तो काय लिहितो हे कधी विचारलं नाही. 'नाविकविलंबितम्' या त्याच्या नाटकात पाचही अंक सगळी पात्रं किनाऱ्यावर होडीची वाट बघत उभी राहतात आणि होडी येत नाही. (पाटणकर कंपनीच्या बसने कामाला जात.) 'मौनपंचाशिका' हे त्याचं काव्य गृहसौख्यावर होतं. हे सगळं साहित्य काळाच्या उदरात गडप झालं आणि मागे फक्त एक श्लोक उरला.

एक श्लोक तरी द्यायला हवा, म्हणून पाटणकरांनी खिडकीबाहेर बघितलं. गोदामापलीकडे जुन्या मिठागराचा एक तुकडा अजून शिल्लक होता. ओहोटी लागली होती आणि वाफ्यांतून पांढरं काहीतरी चमकत होतं. दहावीच्या संस्कृतला जेवढं झेपलं तेवढ्यात त्यांनी चार चरण रचले आणि खाली अर्थ लिहिला, 'भरती येते तेव्हा मिठागराला वाटतं, समुद्र आपल्याला भेटायला आला. तो निघून जातो. मागे जे मीठ उरतं, त्यालाच ते भेट समजून जपत बसतं.'

मग त्यांनी डबा खाल्ला, कागद पावण्याला निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती दिला आणि विषय विसरून गेले.

पण त्याच महिन्यात सोसायटीचे अध्यक्ष बाजीराव निंबाळकर यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते यशस्वी झालं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे साताऱ्याकडचे गृहस्थ इतकी वर्षं अंदाजाने जगत होते. आता त्यांना दिसू लागलं, आणि दिसेल ते वाचायचं त्यांनी व्रतच घेतलं. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून संपली, दूधपिशवी वाचून झाली, आणि मग त्यांच्या हाती स्मरणिका लागली.

"पाटणकर!" गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यातच गाठलं. "हा पुलिनभद्र मला आजवर कसा माहीत नव्हता?"

कोणीतरी वाचलं होतं! माणसाच्या आयुष्यात खरं बोलायची सोय फार थोडा वेळ उपलब्ध असते, आणि त्या वेळी माणूस नेमका दुसरंच काहीतरी बोलतो. "अहो, गंमत म्हणून लिहिलं" एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी पाटणकरांनी सवयीने डोळे मिटले, किंचित थांबले आणि म्हणाले, "फार थोड्यांना माहीत आहे."

तिथेच सगळं फसलं.

संध्याकाळच्या आरतीला बाजीरावांनी माइक हातात घेतला आणि श्लोकाचा अर्थ वाचून दाखवला. एरवी आरतीनंतर लोकांचं लक्ष प्रसादाच्या परातीवर असतं. त्या दिवशी मात्र परातीकडे कोणी वळलं नाही. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून शेजारच्या बोनकोडे गावचे किसनशेठ बसले होते. किसनशेठ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पाण्याचा टँकर हवा की किसनशेठ, मांडवाची परवानगी हवी की किसनशेठ. हा धिप्पाड माणूस उठला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझा आजा मिठागरावर व्हता," ते म्हणाले. "पाय फाटायचे त्याचे मिठानं. आमच्या मिठागरावर इमारती झाल्या, रस्ते झाले, पन त्याच्यावर कोनी दोन ओली लिवल्या नाय. आनि ह्या मानसानं हजार वर्सांआधी लिवलंय? पाटनकरसाहेब, हा कवी आमचा हाय. मिठागर हिकडं, म्हंजे कवी हिकडचाच."

"तसं नक्की सांगता येत नाही," पाटणकर क्षीण आवाजात म्हणाले.

"नाय कसं? साताऱ्याला मिठागर हाय काय?"

बाजीरावांना हे लागलं. कवीचा मूळ पिंड देशावरचा असावा आणि नोकरीनिमित्त तो इकडे आला असावा, असं त्यांचं मत होतं, कारण त्यांचं स्वतःचं तसंच झालं होतं. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी, जन्म कुठेही झालेला असो, सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या नाक्याला महाकवी पुलिनभद्र चौक असं नाव द्यायचं, यावर एकमत झालं. त्या नाक्याला आजवर सगळे पंक्चरवाला नाका म्हणत.

त्या रात्रीपासून पाटणकरांची झोप उडाली. आजकाल भावना फार स्वस्तात दुखावतात, हे ते रोज पेपरात वाचत होते. कोणी कोणाचा अपमान केला म्हणून मोर्चा, कोणाच्या तोंडाला काळं फासलं, कोणाला गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावली. आपण तर एक अख्खा महापुरुष बनवला होता आणि तो किसनशेठना देऊन बसलो होतो. आता तो परत कसा मागायचा? कांदे घेतले आणि नको झाले, तर भाजीवालासुद्धा परत घेत नाही.

नाव द्यायचं म्हणजे वॉर्ड ऑफिस आलं. अर्ज घेऊन अर्थातच पाटणकरांना पाठवलं. तिथे इंद्रजित नावाचा एक अत्यंत सभ्य कारकून होता, आणि सभ्य कारकुनासारखी भीतिदायक वस्तू जगात दुसरी नाही. उद्धट कारकुनाशी भांडून घरी तरी येता येतं.

"महापुरुषांची जन्मतारीख?"

"नक्की माहीत नाही. विद्वानांत मतभेद आहेत," पाटणकर म्हणाले. हे वाक्य त्यांनी पाठच करून ठेवलं होतं.

"किती दिवसांचा फरक आहे?"

"साधारण चारशे वर्षांचा."

इंद्रजितने ते लिहून घेतलं. "मृत्यूचा दाखला?"

"तोही उपलब्ध नाही."

"मग हयात नाहीत असं आपण कशावरून म्हणतो?" इंद्रजितने अगदी निरागसपणे विचारलं. "नाही, हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही, म्हणून विचारलं. असू दे. स्थानिक रहिवासी होते का? बरं, वारसांचं ना हरकत पत्र तरी आहे ना?"

"अहो, वारस कुठून आणू?"

"मग सोपं आहे. पेपरात जाहीर नोटीस द्या. कोणी आलं नाही की झालं."

फ्लॅट घेताना, विकताना, शेअर सर्टिफिकेट हरवल्यावर आपण अशी नोटीस देतोच. त्यामुळे बाजीरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी नेहमीच्या वकिलाकडून ती लिहून घेतली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, महाकवी पुलिनभद्र (मयत) यांचे नावे चौक करण्याचे योजिले असून सदर मयताचे वारस, हितसंबंधी, गहाणदार अथवा इतर कोणाचाही कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास त्यांनी खालील पत्त्यावर लेखी कळवावे.' खालील पत्ता पाटणकरांचा होता.

जगात नसलेल्या माणसाला वारस कोठून येणार, अशी पाटणकरांची समजूत होती. पण नवी मुंबईच्या जमिनीचा महिमा त्यांच्या लक्षात आला नव्हता. पहिला वारस रविवारी सकाळी दारात उभा राहिला. चहा घेता घेता त्याने खाली आवाजात विचारलं, "मिठागर महाकवींच्या स्वतःच्या नावावर होतं, का कूळ म्हणून कसत होते?"

"का हो?"

"नाही, सिडकोच्या संपादनात गेलं असेल, तर मोबदल्यात वारसांना साडेबारा टक्क्यांचा प्लॉट निघतो. अजून निघतो. आमची फाइल तयार आहे, तुमचं फक्त एक पत्र लागेल, महाकवी आमचेच म्हणून."

दुसऱ्या आठवड्यात दुसरा वारस आला आणि त्याने पहिला वारस बोगस असल्याचं सांगितलं. चौकाला मात्र दोघांचीही लेखी हरकत नव्हती, त्यामुळे वॉर्ड ऑफिसची मंजुरीही आली. हे दोघे पुढेमागे कोर्टात उभे राहतील, न्यायाधीश विचारतील, मूळ पुरुष कोणी निर्माण केला, आणि सगळं कोर्ट आपल्याकडे वळून बघेल, हे दृश्य पाटणकरांना भर दुपारी, कंटेनरच्या याद्या तपासताना दिसू लागलं. फसवणूक, बनावट दस्तऐवज, सरकारची दिशाभूल. ते एकेक कलम मनातल्या मनात लावून बघत होते, आणि एकूण एक अंगाला बरोबर बसत होतं.

त्यांचं जेवण तुटलं. बेल वाजली की ते ताटावरून उठून न्हाणीघरात जाऊ लागले. स्मिताताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे पित्ताचं वाटलं. त्यांनी कोकम सुरू केलं. शेजारच्यांनी जिऱ्याचं पाणी सांगितलं, वरच्यांनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. तळमजल्यावरच्यांनी तर स्पष्टच सांगितलं, की एवढ्या मोठ्या कवीचं संशोधन केलं की डोक्यावर ताण येणारच.

"स्मिता," एकदा त्यांनी धीर करून सुरुवात केली. "तो पुलिनभद्र आहे ना..."

"वाचलं मी," स्मिताताई कणीक मळत म्हणाल्या. "त्याच्या बायकोने कधी विचारलं नाही म्हणे, काय लिहितोस ते. तिच्या मागे कामं नसतील? पाणी कोण भरत होतं त्यांच्याकडे? ते नाही लिहिलं कोणी."

पाटणकरांच्या घरात खोटा कवीसुद्धा बायकोपुढे हरला होता.

आणि मग एके संध्याकाळी दार उघडलं तर समोर हवालदार. चला, एकदाचं संपलं, असं वाटून पाटणकरांना क्षणभर बरंही वाटलं. "साहेब, मी सगळं सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

हवालदाराने गोंधळून एका हाताशी हस्तांदोलन केलं. "सांगा ना. चौकाच्या कार्यक्रमाला गाड्या कुठे लावणार? रस्त्यावर नाय चालणार."

पाटी आणि कवीचा अर्धपुतळा पावण्याला कुलदीप नावाच्या कारागिराकडे करायला टाकला होता. फायबरचे पुतळे करण्यात त्याचा हातखंडा. "अंकल, आपल्याकडे दोन साचे आहेत. दाढीवाला की बिनादाढी? दाढीवाला लगेच मिळेल." पाटणकर घामाघूम झाले. दाढी ठेवली आणि उद्या कोणी म्हणालं आमच्या कवीला दाढी नव्हती, तर? काढली आणि कोणी म्हणालं, महाकवींची दाढी कोणी काढली, तर? त्यांनी पुतळाच रद्द करायला लावला आणि नुसती पाटी ठेवली. यावर बाजीराव म्हणाले, पाटणकर फार काटेकोर आहेत, पुरावा असल्याशिवाय एक केससुद्धा लावू देत नाहीत. त्यांच्या विद्वत्तेचा लौकिक आणखी वाढला.

आता एवढंच व्हायचं राहिलं होतं, तेही झालं. बाजीरावांनी अनावरणासाठी प्रमुख पाहुण्या ठरवल्या. उरणच्या करिमुन्निसा तुंगेकर मॅडम. उभा जन्म कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. बाजीरावांनी त्यांना निमंत्रणासोबत स्मरणिकाही पाठवून दिली होती.

हे ऐकल्यावर पाटणकरांना घाम आला नाही, की धडधड झाली नाही. भीतीला तळ असतो तिथे ते पोहोचले होते. मोर्चा, कोर्ट, हवालदार या सगळ्या जर-तरच्या गोष्टी होत्या. ही बाई मात्र स्टेजवर उभी राहणार आणि माइकमधून सांगणार की या माणसाने थाप मारली आहे. किसनशेठ समोर बसलेले असणार, आणि त्यांच्यामागे सगळं बोनकोडं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रिक्षा केली आणि द्रोणागिरीहून थेट उरण गाठलं. मॅडमचं घर जुन्या बाजाराच्या मागे होतं. दारात जास्वंद, आत भिंतभर पुस्तकं, आणि जमिनीवरही पुस्तकांचे ढीग. पाटणकर खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि पाणी यायच्या आत त्यांनी सगळं ओकून टाकलं. जाहिरात, सूर्यफूल, तोंडल्याची भाजी, सगळं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे जमिनीवरचे ढीग बघताय ना? ही तुमची करणी. निमंत्रण आलं आणि मला वाटलं, एवढा मोठा कवी माझ्या वाचनातून सुटला कसा? आठवडाभर शोधतेय. शिकवलं काय मी मुलांना एवढी वर्षं, असं वाटून रडायची बाकी राहिले होते."

"माफ करा मॅडम. चुकलं माझं. पण तिथे सगळ्यांसमोर..."

"बाकी सगळं तुम्ही रचलंत, हे पटलं मला. जकातनाका काय, न येणारी होडी काय. पण तो श्लोक कुठून घेतलात?"

"तो माझाच आहे."

मॅडम हसल्या, पण फार मायेने हसल्या. "पाटणकर, आता एवढं खरं बोललात, तर हेही सांगून टाका. शाळेतल्या एखाद्या जुन्या पुस्तकात होता? कोणा गुरुजींनी पाठ करून घेतला होता? भाषा ओबडधोबड आहे, पाठांतरात बिघडली असेल. पण कल्पना! अहो, ती वाचून मी उठून खिडकीशी गेले. मीसुद्धा इथलीच ना. अशी ओळ तोंडलीची भाजी खाता खाता सुचत नाही माणसाला."

"पण मॅडम, खरंच मीच..."

"आठवेल तुम्हाला. आठवलं की फोन करा. आणि मी येणार बरं का. काय बोलायचं ते तिथे ठरवीन."

परतीच्या रिक्षेत पाटणकरांची भीती दुप्पट झालेली होती, पण तिच्यात आता आणखी काहीतरी मिसळलं होतं आणि ते त्यांना नीट ओळखू येत नव्हतं. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं तसं ते सलत होतं. मॅडमनी त्यांचा खोटेपणा लगेच मान्य केला होता. खरेपणा मात्र मान्य केला नव्हता.

अनावरणाच्या दिवशी नाका ओळखू येत नव्हता. मांडव, रांगोळ्या, खुर्च्या. पंक्चरवाल्याने टायरांवर झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बोनकोड्याच्या बायका नऊवारी नेसून आल्या होत्या आणि पहिल्या दोन रांगा त्यांनीच भरल्या होत्या. दोन्ही वारस शेजारी शेजारी बसून एकमेकांकडे न बघता हसत होते. स्टेजवर पाटणकरांची खुर्ची मध्यभागी होती, त्यामुळे पळायचं म्हटलं तरी दोन्ही बाजूंनी माणसं होती. मॅडम माइकपाशी गेल्या तेव्हा पाटणकरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांना किसनशेठच्या चपला दिसत होत्या, आणि त्या फार मोठ्या दिसत होत्या.

"स्मरणिकेत पुलिनभद्रांचं जे चरित्र आलंय, ते मी तपासलं," मॅडम म्हणाल्या. "त्याला मला काहीही आधार सापडला नाही."

मांडवात चुळबुळ झाली. बाजीराव ताठ झाले. पाटणकरांनी डोळे मिटले, आणि या वेळी ते विद्वत्तेसाठी मिटलेले नव्हते.

"नाटकंही सापडली नाहीत. त्यांचं नाव पुलिनभद्र होतं की आणखी काही, कोण जाणे. पण त्या श्लोकाशी मी भांडू शकत नाही. कोणीतरी एक माणूस एकटा बसून मिठागराकडे बघत होता, एवढं नक्की. त्याला त्याच्या हयातीत कोणी ओळखलं नसणार, कारण ओळखलेला माणूस असं लिहीत नाही. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तरी तुम्ही त्याच्या नावाची पाटी लावताय, याचा मला आनंद वाटतो."

आणि त्यांनी श्लोकाचा अर्थ म्हटला. हळू, थांबत थांबत. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. किसनशेठ उठून उभे राहिले, त्यांच्यामागे सगळे उभे राहिले. मिठाने पाय फाटलेल्या माणसांची ती नातवंडं, पतवंडं होती, आणि ती एका कवितेसाठी उभी राहिली होती.

पाटणकर वाचले होते. कोणी त्यांना पकडलं नव्हतं आणि पकडणार नव्हतं. इतके दिवस मानेवर बसलेली भीती उतरली, आणि ती उतरल्याबरोबर खाली दुसरंच काहीतरी उघडं पडलं. हे माझं आहे. जन्मात एकदाच मला असं काही सुचलं, आणि ही सगळी माणसं त्यासाठी उभी आहेत. आपण काय करतोय हे कळायच्या आत ते माइकपाशी गेले होते.

"तो मी आहे," पाटणकर म्हणाले. "पुलिनभद्र कोणी नाही. तो श्लोक मी लिहिलाय. शपथ घेऊन सांगतो, मी लिहिलाय."

मांडवातल्या सगळ्या माना किसनशेठकडे वळल्या.

मग किसनशेठ पुढे आले, दोन ढांगांत स्टेजवर चढले. पाटणकरांनी मार खायची तयारी ठेवून मान खाली घातली. किसनशेठनी त्यांना छातीशी धरलं आणि माइककडे तोंड केलं.

"साहेबांच्या भावना आमाला समजल्या. आमाला पन तसंच वाटतं. आज हितं जमलेला परतेक मानूस पुलिनभद्र हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटणकर किसनशेठच्या मिठीतून "नाही, नाही, खरंच मी" असं म्हणत होते, पण ते सदऱ्यात विरून गेलं. त्यांनी मॅडमकडे बघितलं. सगळ्या मांडवात पुलिनभद्र खोटा आहे हे जाणणारी ती एकच बाई होती. मॅडमनी हलकेच मान हलवली. लहान मूल हट्ट करतं तेव्हा आपण हलवतो, तशी.

बाजीरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "पाटणकर, भारावून जायला होतं, मान्य आहे. पण स्वतःला महाकवी म्हणवून घेणं बरं दिसत नाही. अहो, अशी ओळ लिहायला आयुष्य जाळावं लागतं. आपण कंटेनरची कागदपत्रं करणारी माणसं."

पाटीवरचा पडदा उघडला. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत महाकवी पुलिनभद्र चौक, आणि खाली श्लोक. गर्दी तिकडे लोटली. पाटणकर सगळ्यांच्या आधी तिथे जाऊन पोहोचले होते. ते पाटीला अगदी चिकटून उभे राहिले आणि आपल्याच चार चरणांवरून एकदा हात फिरवावा म्हणून त्यांनी हात वर केला.

तेवढ्यात समोरून स्मिताताईंनी मोबाइल उंच धरला. शेजारणींचा घोळका त्यांच्याभोवती दाटीने उभा होता आणि सगळ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा ना. कवितेच्या पुढे येताय."

पाटणकरांनी हात खाली घेतला आणि ते बाजूला झाले.